तुझ्या वाट्याची वचनं

प्रिय मित्रा,

येशूच्या नावात सलाम.

‘पती पत्नीचं मस्तक’ असं बायबल म्हणतं त्याचा अर्थ काय, हे साखरपुड्याआधी होणाऱ्या बायकोशी बोलायचं ठरवलंस, फार बरं केलंस. तू मिरजेचा, ती साताऱ्याची. दोघांच्या मंडळीत (चर्चमध्ये) एकच शिकवण मिळाली असेल असं धरू नकोस. कुठे शेवटचा शब्द पतीचा मानतात, कुठे दोघांनी मिळून ठरवावं असं शिकवतात.

बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय दोघं मिळून वाचा, पण सुरुवात 21व्या वचनापासून करा. एकमेकांच्या अधीन असण्याची आज्ञा तिथे सगळ्यांनाच आहे. पुढे पत्नीला तीन वचनं आहेत आणि 25व्यापासून जवळजवळ अध्याय संपेपर्यंत पतीशी बोलणं आहे. त्याला मापही दिलंय : ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसं. आपले मुलगे 22वं वचन पाठ करतात, पत्नीने पतीच्या अधीन असावं हे. ते तुला लिहिलेलं नाही. तू तुझं वाच.

पुरुष कणखर, बाई हळवी. पैसा त्याचा, चूल तिची, ही वाटणी शास्त्रातली नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाचं प्रतिरूप दोघांत आहे आणि पृथ्वीचा कारभारही दोघांकडे आहे. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री स्वतः शेत पारखून विकत घेते. फरक आहेतच. गर्भारपण, बाळंतपण तिच्याच अंगावर येतं. पण पेत्राचं पहिलं पत्र 3:7 पाहा : पत्नीला मान दिला नाही तर पतीच्याच प्रार्थनेत अडथळा येतो.

ती नर्स आहे. नाइट करून सकाळी घरी आल्यावर चहा कोण टाकणार, डबे कोण भरणार? ‘आई करेल’ हे उत्तर चालणार नाही. उत्पत्ती 2:24 आईबाप सोडायला पुरुषाला सांगतं. आपल्याकडे घर सोडते ती मुलगी. एकत्र राहणार असाल तर आईची तिच्याबद्दलची तक्रार तू तिच्यापर्यंत कशी नेणार, की नेणारच नाहीस, हे आधी ठरव. बहुतेक घरं इथेच बिघडतात. पगार आपापल्या खात्यात ठेवा आणि घरखर्चाला एक जोडखातं काढा. त्यात दोघांनी सारखी रक्कम नको, पगाराच्या प्रमाणात टाका. नाहीतर कमी पगारवाल्याच्या हातात काही उरत नाही.

लग्नाआधीच्या तुमच्या भेटी दोन्ही घरांना ठाऊक असू देत. तिच्या फोनचा पासवर्ड, सतत लोकेशन मागू नकोस. ते मस्तकपण नाही, पाळत आहे, आणि लग्नानंतर ती वाढते.

साताऱ्यात 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारणाऱ्या कवी ना. वा. टिळकांचं घर आठव. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तो पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता, आणि संसार काही वर्षं दुभंगला. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ताकडे आल्या त्या स्वतःच्या मनाने. निर्णय कितीही चांगला असो, एकट्याने घेतला तर घर फुटू शकतं. म्हणून बदली, कर्ज, घर बदलणं यांवर एकमत नसेल तर आठवडाभर थांबा, मग दोघांच्याही विश्वासातल्या एखाद्या जोडप्याला विचारा.

हे सगळं पाळकांकडे लग्नाची नोटीस देण्याआधी होऊ दे. 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, नोटिशीनंतर पाळकांनी दाखला दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर तो रद्द होतो आणि नोटिशीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हॉल ठरला, पत्रिका वाटल्या की असले प्रश्न काढायचा धीर कुणालाच राहत नाही.

तुझा,
दादा