कंदकूज आणि ट्रायकोडर्माचे प्रतिजैविक

प्रश्न : ट्रायकोडर्मा बुरशी प्रतिजैविक तयार करते असे ऐकले. आल्याच्या कंदकुजीवर ते किती चालते? कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत आळवणी केली तर? (शाहूवाडी व शिरोळ तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर : एकत्र आळवणी अजिबात करू नका. ट्रायकोडर्माच्या पुडीत तयार प्रतिजैविक नसते, बुरशीचे जिवंत बीजाणू असतात. ते जमिनीत रुजून वाढले तरच प्रतिजैविक तयार होते आणि कार्बेन्डाझिम त्यांनाच मारते. ताम्रयुक्त बुरशीनाशकही त्यांना मानवत नाही. ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक यांत किमान १५ दिवसांचे अंतर ठेवा.

ट्रायकोडर्मा व्हिरेन्स या जातीतले ग्लायोटॉक्सिन हे प्रतिजैविक १९३६ पासून माहीत आहे. त्याच्या रेणूत गंधकाचे दोन अणू जोडलेले असतात. ते रोगकारक बुरशीच्या प्रथिनांतील गंधकाला धरतात, विकरे (एन्झाइम) बंद पडतात आणि तंतूंची वाढ थांबते. रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीवर ते चांगले चालते. कंदकूज करणाऱ्या पिथियम या रोगकारकावर मात्र याच जातीच्या काही वाणांतले ग्लायोव्हिरिन हे दुसरे प्रतिजैविक अधिक प्रभावी ठरते. म्हणून सगळ्या पुड्यांचा गुण सारखा येत नाही. ग्लायोटॉक्सिन माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींनाही घातक असल्याने त्याचे औषध झाले नाही. पावडर हाताळताना मात्र बीजाणू नाकात जाऊ नयेत म्हणून तोंडाला फडके बांधाच.

आता जमिनीचे. आम्ल जमिनीत ग्लायोटॉक्सिन टिकते, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत लवकर विघटते. शाहूवाडीच्या आम्ल जांभ्या मातीत त्याला अनुकूलता आहे. शिरोळच्या चोपण, म्हणजे विम्ल रानात नुसत्या आळवणीवर विसंबू नका, तिथे शेणखत आणि निचऱ्याचे चर महत्त्वाचे.

लागणीआधी १०० किलो कुजलेल्या, थंड झालेल्या शेणखतात १ किलो पावडर मिसळा. ढीग सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ८ ते १० दिवस ठेवा आणि मधे एकदा हलवा. ढीग तापला तर बुरशी मरते, म्हणून कच्चे शेण नको. पुढे आळवणीला लिटरला ५ ग्रॅम, वाफसा असताना, संध्याकाळी. पुडीवरची मुदत व ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू ही नोंद पाहूनच घ्या.

झाड हिरवे असतानाच मान टाकते का? खोड कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात धरा. दुधट धागे सुटले तर ती जिवाणूजन्य मर आहे आणि तिथे ट्रायकोडर्मावर खर्च करू नका. ते गड्डे मातीसकट काढा, त्यांच्यावरून वाहणारे पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका आणि त्या रानातले बेणे ठेवू नका.