एसटीचा संप झाला की सरकार मध्यस्थ असतं की मालक?

दोन्ही, आणि खरी अडचण तीच आहे. खाजगी कारखान्यातल्या वादात कामगार आयुक्तांचा समेट अधिकारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो, तोडगा निघाला नाही तर २०२५ पर्यंत सरकार वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवायचं. एसटीत मात्र समोरची बाजूच सरकारच्या महामंडळाची.

२०२१ चा संप आठवा. मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. आमच्या स्टँडवर गाड्या ओळीने उभ्या, चौकशीची खिडकी बंद, आणि कॉलेजची पोरं वडापच्या जीपला लटकून चाललेली. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे सार्वजनिक उपयोगी सेवेत १४ दिवसांची नोटीस लागायची, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नसे. हा संप बेकायदा ठरवला गेला, निलंबनं झाली. नोव्हेंबरात सरकारने मूळ वेतनात २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ दिली, तरी बरेच जण परतले नाहीत.

विलीनीकरणाचा विचार करायला उच्च न्यायालयाच्या आदेशावरून समिती नेमली गेली. तीन सदस्य, तिघेही सरकारचे वरिष्ठ अधिकारी, अध्यक्ष मुख्य सचिव. समितीने नकार दिला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने कामावर परतायला २२ तारखेपर्यंत मुदत दिली आणि परतणाऱ्यांना नोकरीवरून काढू नका असंही बजावलं.

माझ्या मते अशा समितीत एक तरी माणूस सरकारबाहेरचा हवा होता. ज्यांच्या तिजोरीतून पैसे जायचे, त्यांनीच निवाडा करणं कंडक्टर-ड्रायव्हरांना पटणार कसं?