माझा ताप मन्याला लागला का?

आठवीतल्या एका मुलीला तिची आई माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली, तेव्हा तक्रार सतत हात धुण्याची होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीला फ्लू झाला होता आणि त्या दिवसांतही घरचा बोका मन्या नेहमीप्रमाणे तिच्याच पांघरुणात झोपत होता. ती बरी होत आली आणि मन्या शिंकू लागला, त्याचे डोळे गळू लागले, खाणे कमी झाले. "तुझ्यामुळेच आजारी पडला तो," असे आत्या सहज बोलून गेली. तेव्हापासून मुलगी मन्याला जवळ घेत नव्हती, चुकून त्याचा स्पर्श झालाच तर कोपरापर्यंत हात धूत होती आणि रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे ना, हे पाहत होती.

"मॅडम, माणसाचा आजार मांजराला लागतच नाही, एवढे तिला सांगा; तुमचे ती ऐकेल," अशी आईची विनंती होती. ती मला मान्य करता आली नाही, कारण ते खरे नाही आणि मुलीने मोबाइलवर आधीच सगळे वाचलेले होते. अशा वेळी दिलेला खोटा दिलासा मुलांना लगेच कळतो आणि मग आपण दिलेल्या खऱ्या दिलाशावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

म्हणून मी तिला जे ठाऊक आहे तेच सांगितले. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेतील आयोवा राज्यात एका पाळीव मांजराला घरातल्या आजारी माणसांकडून संसर्ग झाल्याचे निदान झाले होते, आणि ते मांजर बरे झाले. त्याच साथीत काही मांजरे दगावलीही. हेही मी गाळले नाही. करोनाच्या काळात नेदरलँड्समधील संशोधकांनी बाधितांच्या 196 घरांतील 310 कुत्र्यामांजरांची तपासणी केली, तेव्हा सुमारे 17 टक्के प्राण्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटिबॉडी), म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली; मात्र बहुतेकांना लक्षणे नव्हती किंवा ती सौम्य होती. करोनाचा विषाणू पेशीवरील ज्या प्रथिनाला चिकटतो, ते माणसात आणि मांजरात बरेचसे सारखे असल्यामुळे हे घडू शकते.

"म्हणजे मीच दिला," ती म्हणाली.

इथे मी पशुवैद्यांची मदत घेतली, कारण हा प्रश्न एकट्या समुपदेशकाने सोडवण्याचा नव्हे. त्यांनी मन्याला तपासून सांगितले की मांजरांच्या शिंकांमागे बहुतेक वेळा मांजरांचेच हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतात. हर्पीस शरीरात दबून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. नेमके कारण चाचणीशिवाय ठरणार नव्हते, पण मन्याच्या उपचारात त्याने फरकही पडणार नव्हता. त्याच भेटीत आईने घरातली पॅरासिटामॉल थोडी देऊ का, असे विचारले आणि डॉक्टरांनी तिला तिथेच थांबवले: मांजराचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही, त्यामुळे एक गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतते. माझ्या मते त्या घरात मन्याला खरा धोका मुलीच्या पांघरुणापेक्षा या गोळीचा होता.

पुढच्या सत्रांत आम्ही खबरदारी आणि भीतीपोटी केलेली कृती वेगळी काढली. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर मन्याचे खाणेपिणे दुसऱ्याने पाहायचे, त्याला आजारी माणसाच्या अंथरुणात घ्यायचे नाही, जवळ जाणे टळत नसेल तर मास्क लावायचा, हात साबणाने एकदा धुवायचे. त्याच्या अंगाला सॅनिटायझर लावायचे नाही आणि त्याला घराबाहेरही सोडायचे नाही. ताप उतरून खोकला थांबल्यावर हे नियम संपतात, हे वाक्य तिने वहीत स्वतः लिहिले. दुसऱ्यांदा धुतलेले हात आणि रात्रीच्या फेऱ्या यांतून मन्याला काहीच मिळत नव्हते, त्यामुळे त्या एकेक करून कमी करायच्या ठरल्या.

आत्यालाही मी एकदा बोलावले. तिला आपले वाक्य आठवतसुद्धा नव्हते. "आजारी असताना तो तुझ्याजवळ झोपतो हे आम्हा मोठ्यांना दिसत होते, आम्हीही त्याला उचलले नाही," असे ती मुलीला म्हणाली, आणि माझ्या साऱ्या माहितीपेक्षा त्याचा परिणाम अधिक झाला. मन्या आता नीट खातो. मुलगी त्याला पुन्हा मांडीवर घेते; रात्रीची एक फेरी अजून शिल्लक आहे आणि त्यावर आमचे काम चालू आहे.