पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचाय, चांगला भाडेकरू कसा ओळखायचा?

टोकन घेण्याआधी त्याच्या मागच्या घरमालकाला फोन करा. सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याच्याला घर रिकामं करून हवं असेल तर तो गोडच बोलणार. भाडं किती तारखेला यायचं आणि डिपॉझिटमधून काय कापलं, एवढं विचारा. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा बँक स्टेटमेंटशी ताडून पाहा. मग लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन भरा. पहिल्याच नोकरीवर आलेल्या मुलांना मात्र मागचा घरमालक नसतो. तिथे ऑफर लेटर बघा आणि आईवडिलांशी बोला.