प्रतिपिंडाची पारख

प्रश्न : पेशींच्या स्थलांतराचा अभ्यास करताना फोकल अ‍ॅडहीजन कायनेज (पेशीच्या चिकटबिंदूंवरील एक विकर) या प्रथिनासाठी विकत घेतलेले प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारा रेणू, अँटिबॉडी) नेमके त्यालाच चिकटते, याची खात्री कशी करावी? – एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : ही शंका आपण प्रयोगाआधीच घेतलीत, हे फार चांगले झाले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) सुमारे १२५ किलोडाल्टन या रेणुवजनापाशी पट्टा दिसायलाच हवा, परंतु तेवढा पुरावा पुरेसा नाही, कारण तेवढ्याच वजनाचे दुसरे प्रथिनही तेथे असू शकते. सर्वांत भक्कम कसोटी म्हणजे या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशी. त्यांच्यात तो पट्टा नाहीसा झाला पाहिजे. उंदराच्या भ्रूणातील अशा पेशी १९९५ मध्ये वर्णिल्या गेल्या. त्या मंद सरकतात, आणि लक्षणीय बाब अशी की त्यांचे पृष्ठभागाला धरून ठेवणारे चिकटबिंदू कमी न होता उलट वाढलेले असतात.

या प्रथिनातील टायरोसीन ३९७ (साखळीतील ३९७ व्या जागेचे अमिनो आम्ल) वरील फॉस्फेट ओळखणारे प्रतिपिंड वापरणार असाल, तर नमुन्याचा एक भाग फॉस्फटेजने (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराने) प्रक्रिया करून तपासावा आणि एकूण प्रथिनही सोबत मोजावे. ब्लॉटवर उत्तम चालणारे प्रतिपिंड सूक्ष्मदर्शकाखालील स्थिर केलेल्या पेशींत निकामी ठरू शकते, म्हणून तेथे जनुक काढलेल्या पेशींची कसोटी स्वतंत्रपणे लावावी.