केव्हीएम (लिनक्स कर्नलमधला आभासी मशीन चालवणारा भाग): एग्झिट हँडलरमध्ये स्लॉट्स_लॉक (मेमस्लॉट, म्हणजे गेस्टच्या मेमरीचे तुकडे, बदलताना धरायचं लॉक) घेतल्यावर गेस्ट (आतलं आभासी मशीन) गोठतो. लॉकचा क्रम बरोबर असूनही असं का होतं?

तुमचे म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी लॉक) योग्य क्रमाने आहेत, पण एसआरसीयू (वाचणारे बाहेर पडेपर्यंत जुना डेटा टिकवणारी यंत्रणा) तुम्ही हिशेबात धरलेलं नाही. एक्स86 वर व्हीएमएग्झिटचा (गेस्ट थांबून ताबा केव्हीएमकडे येण्याचा) हँडलर चालतो तेव्हा व्हीसीपीयूने (गेस्टच्या आभासी प्रोसेसरने) केव्हीएमच्या एसआरसीयूचं रीड लॉक आधीच धरलेलं असतं. तिकडे मेमस्लॉट बदलणारा थ्रेड स्लॉट्स_लॉक हातात ठेवूनच सगळे जुने रीडर बाहेर पडायची वाट बघतो (यालाच सिंक्रोनाइझ म्हणतात). तुमचा व्हीसीपीयू त्याच लॉकसाठी थांबला की दोघंही कायमचे अडकले.

खात्री करायला सिसआरक्यू-डब्ल्यू (अडकलेल्या टास्कचे ट्रेस छापणारा कर्नलचा आदेश) द्या. एक ट्रेस म्युटेक्सवर झोपलेला दिसेल, दुसरा सिंक्रोनाइझ_एसआरसीयू_एक्स्पेडायटेडच्या आत. डीमेसेजमधली (कर्नलच्या नोंदींतली) 120 सेकंदांची हंग टास्कची ओळ फक्त लक्षण सांगते, कारण या दोन ट्रेसमध्येच सापडतं. लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका शोधणारा कर्नलचा तपासनीस) गप्प बसला, यात नवल नाही: 2023 पूर्वीच्या कर्नलांत सिंक्रोनाइझची वाट पाहणं त्याच्या आलेखात धरलंच जात नव्हतं. नव्या कर्नलवर प्रूव्ह_लॉकिंग (लॉकडेपची तपासणी चालू करणारा कर्नलचा पर्याय) लावून चालवा. तिथे दोन्ही वाटा एकेकदा चालल्या तरी पुरतं, प्रत्यक्ष डेडलॉक व्हावा लागत नाही. मात्र पहिली तक्रार छापली की लॉकडेप स्वतःला बंद करतो. ती दुरुस्त करून मशीन रीबूट केल्याशिवाय पुढचं काही दिसणार नाही.

दुरुस्ती: स्लॉट्स_लॉक घेण्याआधी केव्हीएम_व्हीसीपीयू_एसआरसीयू_रीड_अनलॉक, मग काम, लॉक सोडणं, आणि पुन्हा रीड लॉक. यात लोक हमखास फसतात ते पॉइंटरवर. एसआरसीयू सोडण्याआधी काढलेला मेमस्लॉटचा पॉइंटर नंतर वापरायचा नाही, कारण तोवर तो मोकळा झालेला असू शकतो. जीएफएनवरून (गेस्टच्या मेमरी-पानाच्या क्रमांकावरून) स्लॉट नव्याने शोधा, आणि मधल्या काळात तो नाहीसा झाला असेल तर त्याचीही सोय ठेवा.

तुम्हाला फक्त स्वतःचा डेटा सांभाळायचा असेल तर वेगळा छोटा म्युटेक्स बरा, अट एवढीच की तो धरून कोणीही सिंक्रोनाइझ करता कामा नये. स्लॉट्स_आर्च_लॉक याच कारणासाठी आलं. ट्रायलॉकची (लॉक लगेच मिळालं नाही तर न थांबता परत येण्याची) पळवाट मात्र नको. अपयश आलं तर काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो.

काम एमएमयू_लॉकखाली (गेस्टच्या पेज टेबलांचं लॉक) ढकलायचा मोह होईल. तिथे झोपता येत नाही, म्हणजे जीएफपी_कर्नलचं ॲलोकेशन आणि कॉपी_फ्रॉम_यूजर दोन्ही बाद. डीबग_ॲटॉमिक_स्लीप हा कर्नलचा पर्याय लावलात तर ही चूक लगेच पकडली जाते.

तपासायला कर्नलच्या सेल्फटेस्टमधली मेमस्लॉट_मॉडिफिकेशन_स्ट्रेस_टेस्ट घ्या आणि गेस्टच्या कोडमध्ये तुमचा एग्झिट घडवणारी सूचना घाला. हंग_टास्क_टाइमआउट_सेक्स (हंग टास्कची ओळ छापण्याआधीची मुदत, सेकंदांत) 30 वर आणलं की निकाल लवकर कळतो.