नाट्यनिर्मिती आणि सामाजिक काम : घर चालेल का?

नाटकाच्या निर्मितीची बाजू सांभाळत सामाजिक काम करता येईल का आणि त्यावर घर चालेल का, असे विचारणारे तरुण अलीकडे माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांतील एका मुलीची हकिगत तिच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने येथे सांगत आहे. पुण्यात बँकेतील नोकरी करून ती एका प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या तारखा, नाटकाच्या संहितेला प्रयोगाआधी मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, बस आणि हिशेब सांभाळत असे. बालविवाहावरचा एक दीर्घांक, म्हणजे लांबीने मोठे एकअंकी नाटक, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांपर्यंत न्यावा, त्यासाठी राजीनामा द्यावा आणि स्वतःचा ट्रस्ट काढावा, असे तिने जवळपास ठरवले होते. "दोन डगरींवर हात ठेवून कोणाचे भले झाले आहे?" हा वडिलांचा प्रश्न मात्र तिला सतावत होता.

मी तिला आधीच्या एका प्रयोगाच्या हिशेबाची वही आणायला सांगितले. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची 'नाईट' म्हणजे प्रयोगाचे मानधन, चहा-वडापाव, सारे काही नीट मांडलेले होते. शेवटच्या ओळीत 'प्रयोगानंतर चर्चा' असे लिहून पुढची रक्कम कोरी ठेवली होती. ती चर्चा कोण घेणार, एखाद्या मुलीने तिथेच स्वतःच्या ठरलेल्या लग्नाविषयी सांगितले तर तिला कोणाकडे न्यायचे आणि महिन्याभराने तिची विचारपूस कोण करणार, हे मी विचारल्यावर ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचा खरा प्रश्न त्या कोऱ्या जागेत होता. परिणामासाठी माणूस आणि पैसा यांची तरतूद करणे हेही निर्मात्याचेच काम आहे, आणि ते ज्याला जमते त्याला दोन डगरी सांभाळाव्या लागत नाहीत.

तिला मी 'मुलगी झाली हो'चे उदाहरण दिले. ज्योती म्हापसेकर यांचे हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने 1983 मध्ये रंगमंचावर आणले आणि गावोगावी त्याचे प्रयोग केले. नाटक पाहून अस्वस्थ झालेल्या बाईला पुढे बोलायला संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या, हे मला त्या नाटकाचे मोठे बळ वाटते.

तारखांचेही तसेच आहे. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, टोळ्या कारखान्यांच्या तळांवर असतात, त्यामुळे शहरातल्या सोयीने डिसेंबरात ठरवलेला प्रयोग गावात म्हाताऱ्यांसमोर होईल. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला मिळते, म्हणून टोळी निघण्याआधी मुलांची लग्ने उरकण्याकडे कल असतो. हे ठाऊक असलेला निर्माता दौरा त्याआधी लावेल, आणि गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असलेल्या ग्रामसेवकाला आणि अंगणवाडी सेविकेला आधी भेटेल.

ट्रस्टच्या बाबतीत मी तिला स्पष्टपणे थांबायला सांगितले. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी द्यायचा, निधी मिळवायचा तर अशा संस्थेला करसवलतीच्या 12ए आणि 80जी, तसेच सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-1, या नोंदण्यांबरोबर किमान 3 वर्षांच्या कामाचा पूर्वानुभवही दाखवावा लागतो. म्हणजे नव्या ट्रस्टची पहिली वर्षे तिच्या बचतीवरच गेली असती. मुलींच्या प्रश्नावर आधीपासून काम करणाऱ्या संस्थेशी करार करून त्या संस्थेच्या अंदाजपत्रकात दौऱ्याचा खर्च, चर्चा घेणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन आणि निर्माती म्हणून स्वतःचे मानधन अशा तीन वेगळ्या ओळी मांडाव्यात, असे मी सुचवले. स्वतःचे मानधन लिहिताना तिला फार संकोच वाटला. सामाजिक कामात पैसे मागू नयेत हा संस्कार आपल्याकडे खोल रुजला आहे, आणि त्यापायी कितीतरी चांगली माणसे दोन-तीन वर्षांत थकून नोकरीकडे परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वडिलांना मी एकदा बोलावले. मुलीच्या कामाविषयी त्यांना आक्षेप नव्हता. आजारपणात पैसा कुठून येईल, ही त्यांची काळजी होती आणि ती रास्त होती. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत आणि संस्थेचा लेखी करार हाती येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, असे बापलेकींनी माझ्यासमोर ठरवले. तो करार आता झाला आहे. ती बँकेतून बाहेर पडली असून टोळ्या गावी परतल्यानंतरच्या प्रयोगांसाठी एकेका ग्रामपंचायतीचे संमतीपत्र मिळवत आहे.